आठ दिवसांचा साधेपणा



ऑक्टोबर महिन्याचा शेवटून दुसरा रविवार जगभरच्या ख्रिस्तसभेत मिशन रविवार म्हणून पाळला जातो. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली त्याची सुरुवात केली. त्या दिवशी मिस्सामध्ये दान गोळा होते, प्रवचनात दूरदूरच्या मिशनभूमीचा उल्लेख होतो आणि बहुतेकांच्या दृष्टीने विषय तिथे संपतो. आपल्या धर्मग्रामात मात्र तो उन्हाळ्याच्या सुट्टीपासूनच सुरू झालेला असतो. दरवर्षी ईस्टर झाल्यावर आम्ही काही तरुण-तरुणी आणि चारदोन वडीलधारी माणसे जव्हार-मोखाड्याकडील मिशनकेंद्रात आठ दिवस सेवेसाठी जातो. परत आल्यावर जो तो आपला अनुभव सांगू लागतो आणि प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : "तिथे काहीच नव्हते, तरी मन किती भरलेले होते!"

हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आणि बोललो आहोत की एकदा त्याच्याकडे नीट बघावे असे वाटले. मन भरले कशाने? आणि जिथे काहीच नव्हते असे आपण म्हणतो, तिथे बारा महिने राहणाऱ्या माणसांनी ते वाक्य ऐकले तर त्यांना काय वाटेल?

आधी समाधानाविषयी बोलू, कारण ते खोटे नव्हते. वसईहून मनोरमार्गे निघालो की शंभरेक किलोमीटरच्या आतबाहेर आपण वेगळ्याच जगात पोहोचतो. मिशनकेंद्रात पहाटे घंटा होते. मिस्सा झाली की कोरा चहा, त्यानंतर काम. मे महिन्यात काम बहुधा पावसाळ्यापूर्वीचे असते : बोर्डिंगची कौले चाळायची, फुटलेली बदलायची, भिंतींना चुना लावायचा, मुलांचे शिबिर घ्यायचे. आंघोळीला माणशी एक बादली. रात्री अंगणात चटया टाकून जपमाळ आणि मग झोप. मोबाईलला रेंज मिळाली तर टेकडीवर, नाहीतर नाही. पहिले दोन दिवस हात सारखा खिशाकडे जातो, तिसऱ्या दिवशी तो आपोआप जायचा थांबतो.

अशा दिवसांत मन हलके होते, ते का, हे सांगायला मोठे तत्त्वज्ञान नको. घरी सकाळपासून आपण निवडीच करत असतो. कोणता शर्ट, कोणती भाजी, कोणती गाडी, कोणता चॅनल. तिथे निवड नाही. जे ताटात येते ते खायचे, आणि दुपारपर्यंत कौले वाहिल्यावर नाचणीची भाकर आणि उडदाचे वरण असे लागते की बोलायची सोय नाही. काम संपले हे डोळ्यांना दिसते. शंभर कौले चढली म्हणजे चढली. ऑफिसात दिवसभर बसून काय झाले हे संध्याकाळी सांगता येत नाही, असे आमच्यातील बँकेत नोकरी करणाऱ्या एकाचे म्हणणे आहे, आणि बँकेत नसलेल्यांनीही त्याला मान डोलावली. शिवाय जेवायला एकटे कोणीच बसत नाही. आमच्या मते निम्मे समाधान या एकाच गोष्टीत असावे.

इथवर सारे गोड आहे. पण एक गोष्ट आमच्या खिशात होती आणि पाड्यावरच्या कोणाच्याही खिशात नव्हती : परतीचा दिवस.

एक उदाहरण घेऊ. मोखाडा-जव्हारमध्ये पावसाळ्यात पाऊस अक्षरशः कोसळतो आणि एप्रिल-मे उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. उतारावरचे पाणी वाहून जाते, खडक ते धरून ठेवत नाही. बाया ओढ्याच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, त्यात वाटी-वाटीने पाणी झिरपू देतात आणि हंडा भरला की डोक्यावर घेऊन चढण चढतात. आमच्यातील मुलीही हौसेने त्यांच्याबरोबर गेल्या. उन्हे चढायच्या आत, चिंचेच्या सावलीतून, एकीमागे एक. एक खेप झाली, खूप हसणे झाले, फोटोही झाले. रात्रीच्या प्रार्थनेत एकीने त्या खेपेबद्दल देवाचे आभार मानले. तेव्हा तिथे कित्येक वर्षे राहिलेल्या वयस्कर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, की पहिल्या खेपेला प्रार्थना सुचते खरी, पण ज्या बाईची ती दिवसातली चौथी खेप असते तिला फक्त मान दुखते. त्यांनी हे रागाने सांगितले नाही. भाजीत मीठ कमी आहे असे सांगावे, तसे सांगितले.

साधेपणा आणि दारिद्र्य या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हींत घर लहान, ताट साधे, कपडे मोजके. पण साधेपणात माणूस काही बाजूला ठेवतो, आणि दारिद्र्यात बाजूला ठेवायला त्याच्याकडे काही नसतेच. पहिल्याला दार आतून असते, दुसऱ्याला बाहेरून कडी असते. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ साली सगळ्या महाराष्ट्रभर झाले ते कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे. त्या मुलांच्या आईबापांना कोणी 'अल्पसंतुष्ट' म्हटले असते, तर ती क्रूर थट्टा ठरली असती. म्हणून "ही माणसे किती थोडक्यात सुखी आहेत" असे जेव्हा आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा जरा जपून म्हणावे. ती हसतात, नाचतात, पाहुण्याला "जोहार" करून घरात बोलावतात, हे खरे आहे. त्यांचे हसू आपण त्यांच्या दारिद्र्याच्या खात्यावर जमा करू नये, एवढेच.

मग आमचे ते समाधान चोरलेले म्हणायचे का? आमच्यात यावर बराच वाद झाला. एकाचे म्हणणे होते की आपण गेलोच नाही तर बरे. बस, डिझेल, छापलेले टी-शर्ट या सगळ्याचा खर्च मिशनकेंद्राला पाठवून द्यावा, त्यांची कौले त्यांच्याच गावचा माणूस मजुरी घेऊन आमच्यापेक्षा चांगली चाळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. टी-शर्ट तर नकोच, हे एकमताने ठरले. पण पैसा पाठवला की नाते पावतीपुरते उरते, आणि प्रभूने शिष्यांना पाठवले तेव्हा त्याने पैसा पाठवला नव्हता, माणसे पाठवली होती. तीही कशी? लूकच्या शुभवर्तमानातील दहावा अध्याय काढून पाहा. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथेच राहा, पुढ्यात ठेवतील ते खा, घरे बदलत फिरू नका. आपण हा उतारा त्यागाचा म्हणून ऐकतो. आम्हांला तो यंदा निराळा ऐकू आला. ज्याच्याजवळ थैली नाही त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावेच लागते. प्रभूने आपल्या माणसांना देणारे म्हणून पाठवले, पण आधी घेणारे करून पाठवले.

घेणे हे देण्याहून अवघड आहे. एका पाड्यावर आमच्यासाठी कोंबडी कापली गेली. त्या घरात कोंबडी म्हणजे आठवडी बाजारचा पैसा, औषधाची तजवीज. आमच्यातील काहींच्या घशाखाली घास उतरेना. नको म्हणावे तर त्या घराचा मान जातो, खावे तर त्यांच्या तोंडचे खाल्ल्यासारखे होते. अशा वेळी काय करावे? आमचे मत असे झाले की खावे. थोडे खावे, मनापासून खावे, घरच्या पोरांना शेजारी बसवून खावे, आणि जाताना पैसे ठेवू नयेत. कारण पैसे ठेवले की त्या माणसाने घातलेले जेवण खानावळीचे होते. मिशनकेंद्रावरचा आमचा शिधा आम्ही वसईहूनच नेतो, तो नियम चांगलाच आहे. पण ज्या दारात बोलावणे आले त्या दारात पाहुणा होऊन बसावे. आयुष्यभर पाहुणचार करण्याचा अधिकार फक्त आपल्याच हाती ठेवणे हाही एक प्रकारचा गर्वच आहे.

संत शार्ल द फुको यांची कथा इथे आठवते. १५ मे २०२२ रोजी ते संत म्हणून घोषित झाले. श्रीमंत घराण्यातील फ्रेंच लष्करी अधिकारी, पुढे धर्मगुरू झाले आणि १९०५ पासून अल्जीरियाच्या वाळवंटात तामानरासेत येथे तुआरेग लोकांमध्ये जाऊन राहिले. त्या मुलखात दुष्काळ पडला. जवळचे धान्य त्यांनी लोकांना वाटून टाकले, आणि १९०८ च्या जानेवारीत स्वतःच अंथरुणाला खिळले. आता जगत नाही अशी अवस्था झाली. तेव्हा त्या मुसलमान शेजाऱ्यांनी, ज्यांच्या स्वतःच्या मुलांना दूध नव्हते त्यांनी, आसपासच्या शेळ्या शोधून मिळेल तेवढे दूध आणले आणि त्या परदेशी धर्मगुरूला पाजून वाचवले. तोवर ते तुआरेगांसाठी जगत होते, त्यानंतर ते तुआरेगांमुळे जगले. साधेपणाने राहणे त्यांना पूर्वीपासून जमत होते. दुसऱ्याच्या हातचे घेऊन जगणे त्यांना त्या आजारात लाभले.

समाधानाविषयी नव्या करारात सर्वांत स्पष्ट लिहिले आहे ते संत पौलाने, फिलिप्पैकरांस पाठवलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात. आहे त्या स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे, अशा अर्थाचे ते बोल आपण मिस्सामध्ये अनेकदा ऐकतो. पण ते पत्र कोठून आणि कशासाठी लिहिले गेले याचा आपल्याला विसर पडतो. पौल तुरुंगात होता. फिलिप्पैच्या गरीब मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली होती, आणि ती पोहोचल्याबद्दलचे ते आभारपत्र आहे! म्हणजे तृप्तीचे बोल तो लिहितो आहे ते मदत हाती घेऊन. मला तुमची गरज नव्हती असे तो म्हणत नाही. तुम्ही माझ्या दुःखात वाटेकरी झालात हे चांगले केले, असे म्हणतो. त्या काळचे स्टोइक तत्त्वज्ञही तृप्तीसाठी हाच शब्द वापरीत, पण त्यांचा तृप्त माणूस म्हणजे ज्याचे कोणावाचून अडत नाही असा. पौलाचे ख्रिस्तावाचून अडते, आणि फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीचा त्याला आनंद होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. हाच पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यामंडळ्यांतून निधी गोळा करीत फिरत होता; करिंथकरांना त्याने त्यासाठी दोन अख्खे अध्याय लिहिले आहेत. यरुशलेमच्या उपाशी माणसांना त्याने 'आहे त्यात समाधान माना' असे कळवले नाही. समाधान त्याने स्वतःला शिकवले आणि दुसऱ्याच्या भुकेसाठी पैसे मागितले. आपल्याकडे बरेचदा उलटे होते. कामवालीने पगारवाढ मागितली की आपल्याला साधी राहणी आठवते, आणि स्वतःची गाडी बदलायची वेळ आली की देवाच्या कृपेने सारे ठीक चालले आहे असे आपण म्हणतो.

साधेपणा हाच देव मानण्याचा धोकाही आहे, आणि तो धार्मिक माणसांना जास्त आहे. मदर तेरेसा यांनी १९४८ साली नवे कार्य हाती घेतले तेव्हा आपल्या भगिनी भात आणि मिठावर राहतील असा त्यांचा विचार होता. पाटण्याला वैद्यकीय मिशनच्या भगिनींनी त्यांना स्पष्ट सांगितले की असे कराल तर त्या मुली आजारी पडून मरतील, मग गरिबांची सेवा कोण करणार? मदरनी ते ऐकले. राहणी साधीच राहिली, पण जेवण पोटभर ठरले. संत फ्रान्सिस झेवियर यांचेही तसेच. १५४२ साली गोव्यात उतरल्यावर ते इस्पितळात आजाऱ्यांजवळ राहिले, दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवांमध्ये फिरले, स्वतःचे कपडे स्वतः धुतले. पण जपानमध्ये फाटक्या झग्यातील माणसाला कोणी दारात उभे करीना. तेव्हा १५५१ साली ते यामागुचीच्या सरदारापुढे भारी वस्त्रे घालून, घड्याळासारख्या भेटी घेऊन, व्हाइसरॉयचे वकील म्हणून गेले आणि प्रवचनाची परवानगी मिळवली. त्यांना फाटक्या झग्याचा मोह नव्हता, तसा रेशमाचाही नव्हता. काम कशाने होईल एवढेच त्यांनी पाहिले.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. साधेपणाची किंमत कोण मोजतो? 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. रेव्हरंड टिळक हाती आलेले वाटून मोकळे होत, ही त्यांची थोरवीच; पण त्यामागची संसाराची ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसली, आणि ती त्यांनी हसत हसत का होईना, लिहून ठेवली हे फार बरे झाले. आमच्या मिशन-सहलीतही पाहिले तर पहाटे आमच्या आधी उठून चूल पेटवणारे कोणीतरी असते. आमची बादली भरून ठेवणारे कोणीतरी असते. आमचा साधेपणा त्यांच्या कष्टांवर उभा असतो. यंदापासून पाणी भरणे आणि चूल पेटवणे आमच्यातल्या मुलग्यांकडे दिले आहे. पहिल्या दिवशी धूर फार झाला.

आता आपल्या घराकडे वळू. वसई-विरारला सूर्या प्रकल्पाचे पाणी येते हे आपण सगळे जाणतो. ते आले तेव्हा आपण आनंद केला. सूर्या नदीवरचे धामणी धरण त्याच आदिवासी पट्ट्यात आहे, जिथे वैशाखात बाया डवऱ्यापाशी बसतात. आमच्या आठ दिवसांच्या एका बादलीचे कौतुक सांगताना बारमाही नळाचा हा हिशोब सोडून देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परत आल्यावर आमच्यातील दोघा-तिघांनी घरी पाइपाने गाडी आणि अंगण धुणे बंद केले. त्याने मोखाड्याच्या डवऱ्यात पाणी वाढत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरीही त्यांनी ते केले, आणि आम्हांला ते बरोबर वाटते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात थोडक्यात राहण्यातील मोकळेपणाविषयी लिहिले. आमच्या अनुभवावरून सांगतो, वस्तू कमी केल्या की दुसऱ्यासाठी वेळ खरोखरच उरतो.

तिथल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे. दसरा-दिवाळीला भाताची कापणी आटोपली, घरातले धान्य सरत आले, की कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात. कुठे गेली असे शेजाऱ्यांना विचारले की उत्तर येते, "जगायला गेली." कामाला गेली नाही, जगायला गेली. मे महिन्यात आपण त्यांच्या अंगणात साधेपणाचे समाधान घेतो, आणि डिसेंबरात तीच माणसे आपल्या गावाच्या वेशीवर जगायला आलेली असतात. सकाळी सातला मजूर नाक्यावर उभी असतात, वीटभट्टीवर चिखल तुडवत असतात. ज्या विटांनी आपले बंगले उभे राहिले त्यांवर त्यांची बोटे उमटलेली आहेत. पाड्यावर "जोहार" म्हणणारे आम्ही नाक्यावर मात्र गाडीची काच वर करून जातो. तिथली बाई आम्हांला कोंबडी रांधून घालते. इथे तिच्या पोराला आपल्या कुंपणाबाहेरच्या नळाचे पाणी मिळते की नाही, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आपले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. मकावमध्ये त्यांचा व्यापार चांगला चालला होता. तो सोडून ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि जपानमध्ये आपल्या बंधूंसह गरिबांत आणि कुष्ठरोग्यांत राहिले. १५९७ साली नागासाकीला क्रूसावर त्यांना मरण आले. त्यांना आपण मिरवणुकीत खांद्यावर घेतो. त्यांनी व्यापार सोडला, तसे सगळ्यांनी सोडावे असे कोणी म्हणत नाही. पण भट्टीमालक आपल्यातही आहेत, बांधकामाचे ठेकेदार आहेत, मजूर लावून वाडी करणारे आहेत. हंगामाच्या सुरुवातीला दिलेली उचल आणि शेवटी केलेला हिशोब यांत किती अंतर राहते, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. हा विषय मिशन रविवारचा नाही असे कोणाला वाटल्यास, मिशन रविवारचा विषय याहून वेगळा कोणता असू शकतो ते त्यांनी आम्हांला अवश्य सांगावे.

भट्टीवरच्या मजुराच्या झोपडीला भोंगा म्हणतात. कच्च्या विटा एकावर एक रचून भिंती, वर पेंढा किंवा प्लास्टिक, आत उभे राहता येत नाही. पाड्यावरच्या शाळेच्या पटावर नाव असलेली मुले नोव्हेंबरपासून मेपर्यंत अशा भोंग्यांतून असतात. तरुण संघाने यंदा ठरवले आहे की मोखाड्याला जायचे ते जायचेच, पण दिवाळी झाल्यावर दर रविवारी दुपारी तीन ते पाच आपल्याच हद्दीतील भट्ट्यांवर त्या मुलांना वाचायला, लिहायला आणि खेळायला शिकवायचे. पाट्या जमल्या आहेत. मराठी बालभारतीची पहिली ते चौथीची जुनी पुस्तके हवी आहेत. घरी असल्यास धर्मग्रामाच्या कार्यालयात आणून द्यावीत. भट्टीपर्यंतचे अंतर सायकलने वीस मिनिटांचे आहे.